आखर, पाळ आणि झुडपी : गावाच्या मोकळ्या जागेच्या प्रकल्प नोंदी

२६ जानेवारी २०२५

आजच्या ग्रामसभेत गावासाठी उद्यान करावे असा ठराव आला. आमच्या गावात मतदार चौदाशेच्या आसपास आहेत. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्तीला लागते, म्हणजे आमच्यासाठी १००, आणि ध्वजवंदनाची गर्दी तशीच थांबल्यामुळे ती कशीबशी भरली. ठराव मांडणाऱ्या तरुणांनी तालुक्याच्या गावातील उद्यानाची छायाचित्रे मोबाइलवर सर्वांना दाखवली. त्यांत आवारभिंत, लोखंडी फाटक, पेव्हर ब्लॉकची वाट, व्यायामाची यंत्रे आणि गुलमोहराची रांग होती. सात जणांची समिती नेमण्यात आली आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

जागेचा प्रश्न निघताच सर्वांनी एकाच दिशेला बोट दाखवले : गाव आणि तलाव यांच्यामधला आखर, म्हणजे सकाळी गुरे जमण्याची जागा. तो मोकळा आहे, असे प्रत्येकाने सांगितले. मोकळा म्हणजे रिकामा का, हे मात्र सभेत कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

पैशाच्या बाबतीत सरपंचांनी स्पष्ट कल्पना दिली. ग्रामपंचायत विकास आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तयार होतो, त्यामुळे २०२५-२६ चा आराखडा आता झालेला आहे. यंदा जे काही होईल ते रोजगार हमी आणि श्रमदान यांतूनच होईल.

५ फेब्रुवारी २०२५

दिवसभर कागदपत्रे पाहण्यात गेला. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात त्यांना अजून पटवारीच म्हणतात. त्यांच्याकडे नकाशा पसरल्यावर आम्ही ज्याला एक मैदान समजत होतो ते तीन वेगवेगळ्या मालकीचे तुकडे असल्याचे दिसून आले.

पहिला तुकडा आखराचा, ०.७४ हेक्टर, गावठाणातील खुली जागा म्हणून ग्रामपंचायतीच्या ताब्यात. दुसरा तुकडा तलावाच्या पाळीचा, म्हणजे मातीच्या बांधाचा. आमचा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे ज्याला सगळे मामा तलाव म्हणतात त्यांपैकी एक. विदर्भ मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात आणि आमचा त्यांतच मोडतो. तिसरा तुकडा आखराच्या दक्षिणेला, एक हेक्टरहून थोडा जास्त. त्याच्या सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असे दोन शब्द आहेत. तरुणांच्या कच्च्या आराखड्यात खेळणी आणि व्यायामाची यंत्रे नेमकी याच तुकड्यावर काढलेली आहेत.

निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या प्रतींसाठीही अर्ज केला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ आणि १६५ मध्ये या दोन्ही दस्तऐवजांची तरतूद आहे. गुरे कुठे चरतील, जळण, मुरूम आणि माती कुठून घेता येईल हे पहिल्यात असते. वाट, पाणी आणि मासेमारी यांच्या गावरूढी दुसऱ्यात असतात. समितीतील चार जणांनी ही नावे आज प्रथमच ऐकली. गावाचे नियोजन आपल्या आधी कोणी केलेच नव्हते, असा आपला समज असतो, आणि तो असा कार्यालयातच मोडतो.

१६ फेब्रुवारी २०२५

आराखड्याआधी वापर पाहावा, असे समितीत ठरले. दोन दिवस पाळीपाळीने आखरावर बसून जे दिसले ते लिहून काढले. ही माझ्या मते आजवरची सर्वांत उपयोगी नोंद आहे, म्हणून ती सविस्तर देतो.

पहाटे साडेचारपासून उजाडेपर्यंत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आणि पाच मुली. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. आखर उंचसखल असल्यामुळे हे सर्वजण डांबरी रस्त्यावर धावतात आणि आखरावर फक्त व्यायाम करतात. अंधारात ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांच्या बाजूने धावणाऱ्या मुलींविषयी त्यांच्या घरचे लोक काय म्हणत असतील, हे वेगळे सांगायला नको.

सहापासून बायका धुणे घेऊन तलावाकडे जातात. त्यांची पायवाट आखराला तिरपी कापते. आठच्या सुमारास गुरे जमतात. आखराचे खरे काम तेच आहे. घराघरांतून सोडलेली जनावरे दोन जुन्या चिंचांखाली उभी राहतात आणि गायकी ती हाकत नेतो. वीस वर्षांपूर्वी तीन गायकी होते, आता एकच आहे, आणि जनावरे पहिल्याच्या निम्मीही नाहीत असे तो म्हणाला. ती कमी झाली म्हणून जागा मोकळी झाली असे समजावे, की उरलेल्यांसाठी ती अधिक गरजेची झाली असे समजावे, यावर समितीत बराच वेळ बोलणे झाले.

दुपारी त्याच चिंचांखाली शेतावरून परतणारे लोक आणि गावोगाव फिरून भांडी विकणारा एक जण. चारनंतर कबड्डी, व्हॉलीबॉल आणि गोट्या. अंधार पडल्यावर कोणी नाही. दक्षिणेच्या झुडपीकडे मात्र तीन-चार जणांचे टोळके बसलेले होते आणि तिथे रिकाम्या बाटल्या सापडल्या.

याशिवाय जे दोन दिवसांत दिसणे शक्य नाही, पण आम्हा सर्वांना ठाऊक आहे, तेही लिहून ठेवतो. पोळ्याला बैल याच जागी तोरणाखाली उभे राहतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा इथेच भरतो. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, इथेच, रात्रीची दंडार (लोकनाट्य) आणि नाटक इथेच. धान कापून झाल्यावर ज्यांना शेतात मळणीयंत्र नेता येत नाही ते पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, इथे आणतात.

भिंत आणि फाटक असलेले उद्यान या यादीतल्या बहुतेक गोष्टी बंद करील.

२० एप्रिल २०२५

पारा ४३ अंशांवर असताना दुपारी बारा, दोन आणि चार वाजता चिंचांच्या सावलीच्या कडा चुन्याने आखल्या. बारा वाजता सावली उत्तरेला थोडी सरकलेली होती, दोनला पूर्वेकडे वळली होती आणि चारला पूर्वेकडे लांब गेली होती. बाके नेमकी कुठे ठेवायची हे या तीन रेषांनी ठरवले. छायाचित्रांतील उद्यानात बाके वाटेच्या कडेला, उन्हात आहेत. तिथे मे महिन्यात कोण बसते, हे विचारायला हवे.

गुलमोहराचा आग्रह आज मागे घेण्यात आला. हे झाड मूळचे मादागास्करचे. ते दिसते छान, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पाने झडलेली असतात, मुळे वरच्या थरात पसरतात आणि वादळात फांद्या लवकर मोडतात. आमच्याकडे सावलीसाठी कडुनिंब, करंज आणि चिंच, तर ओलाव्याच्या बाजूला कहू ही झाडे आधीपासून आहेत. जवळच्या गावातून आलेल्या एका पाहुण्यांनी ‘कहू म्हणजे कोणते’ असे विचारले, तेव्हा अर्जुन असे सांगावे लागले.

२८ एप्रिल २०२५

१ मेच्या ग्रामसभेआधी आज महिला ग्रामसभा झाली. उपस्थिती अपेक्षेपेक्षा जास्त होती आणि चर्चा आमच्या समितीच्या कोणत्याही बैठकीपेक्षा नेमकी होती. भिंत नको, असे बायकांनी एकमुखाने सांगितले. भिंतीमुळे सुरक्षितता वाढेल हा आमचा समज होता. त्यांचे म्हणणे असे की, भिंतीआड दारू पिणाऱ्यांना आडोसा मिळतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही. दोन दिवे हवेत, तेही धावण्याच्या वाटेवर, प्रवेशाच्या कमानीवर नव्हे. तलावाकडची तिरपी पायवाट सरळ करू नये, कारण डोक्यावर ओझे असताना कोणी काटकोनात वळत नाही.

साठीच्या पुढच्या एका आजींनी उठून एवढेच सांगितले : “झाडं लावा जी, पन वाट नोका बुजवू.” ठरावाच्या मसुद्यात हे वाक्य औपचारिक भाषेत कसे लिहावे, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो आणि शेवटी ‘विद्यमान पायवाटा कायम ठेवण्यात याव्यात’ असे लिहिले. मूळ वाक्य अधिक चांगले होते.

१ मे २०२५

सुधारित आराखडा ग्रामसभेने मंजूर केला. आवारभिंत नाही, फाटक नाही, पेव्हर ब्लॉक नाहीत. आखराचा मधला भाग सपाट करून मोकळा ठेवायचा. त्याच्या कडेने साधारण १०० मीटर बाय ६० मीटरचा मुरमाचा फेरा करायचा, म्हणजे एक फेरी ३२० मीटरची होते. पाच फेऱ्यांत १६०० मीटर आणि अडीच फेऱ्यांत ८०० मीटर पूर्ण होतात. हे गणित मांडले तेव्हा मागे उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. सभेत टाळ्या पडल्याची ही एकमेव नोंद आहे.

पाळीवर झाडे लावायची नाहीत, हेही ठरले. मातीच्या पाळीत मोठ्या झाडांची मुळे शिरली की पुढे ती कुजतात, त्या पोकळीतून पाणी वाट काढते आणि पाळ फुटण्याचा धोका निर्माण होतो. पाळीच्या आतल्या बाजूला माजलेली बेशरम ही तणासारखी वाढणारी वनस्पती मात्र काढायची आहे. तलाव पात्राच्या कडेने तिने व्यापला आहे आणि शिंगाडा लावणाऱ्या ढिवर कुटुंबांची तक्रार जुनी आहे. हे काम जिल्हा परिषदेच्या परवानगीने, मत्स्य संस्थेशी बोलून वेगळे करावे लागेल.

२४ मे २०२५

परवा, २२ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा झुडपी जंगलाबाबतचा निकाल आला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६,००० हेक्टर झुडपी जमिनीचा हा प्रश्न आहे. झुडपी जमिनी या वनजमिनीच समजल्या जातील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्यांचे वाटप झाले त्यांना केंद्राच्या मान्यतेने संरक्षण मिळण्याची वाट ठेवली आहे, त्यानंतरच्या वाटपाची मात्र छाननी होणार आहे. तीन हेक्टरपेक्षा लहान आणि वनक्षेत्राला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करण्याबाबतही निर्देश आहेत. आमचा दक्षिणेचा तुकडा नेमका असाच आहे.

आता कच्च्या आराखड्यातील खेळण्यांचा विषय संपला. अशा जमिनीवर वनेतर काम करायचे तर वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० खाली पूर्वपरवानगी लागते. एका सदस्याने वनहक्क कायद्याचा मार्ग सुचवला. २००६ च्या त्या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावाच्या १३ सुविधांसाठी देता येते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ती यादी आम्ही बसून वाचली. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, तलाव, पाण्याची वाहिनी, रस्ता, समाजमंदिर हे सारे तिच्यात आहे, पण उद्यान किंवा क्रीडांगण नाही. सामाजिक सभागृहाच्या नावाने प्रस्ताव करून आत घसरगुंडी बसवावी, अशीही एक सूचना आली. मी तिची नोंद घेतली, आणि समितीने ती फेटाळली याचीही नोंद घेतली.

काही जणांना हा निकाल अडथळा वाटतो आहे. मला तसे वाटत नाही. त्या तुकड्यावर पळस, मोह, बोर आणि तरोटा आहे, शेळ्या तिथे जातात, आणि तिथे काहीही बांधले नाही तरी ती गावाची हिरवी जागाच राहते. बाटल्यांचा बंदोबस्त मात्र करावा लागेल.

१२ जून २०२५

खड्ड्यांचे काम रोजगार हमीतून सुरू झाले. यंदा राज्यात मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यायला हवे होते. मंजुरीचे कागद फिरण्यात ते दिवस गेले, ही चूक मान्य करावी लागेल. ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा प्रत्येक खड्डा घ्यायचा होता. उत्तरेकडच्या बाजूला ४० सेंटिमीटरखाली कडक मुरूम लागला आणि मजुरांना सब्बल वापरावी लागली.

फेऱ्याच्या कडेने पाच मीटरवर एक, म्हणजे ६४ झाडे बसतात. तीन वाटांच्या तोंडाशी दोन-दोन जागा सोडल्यावर ५८ उरल्या. करंज २०, कडुनिंब १६, कहू १०, चिंच ६, मोह ४ आणि वड २.

६ जुलै २०२५

आषाढी एकादशीच्या दिवशी लागवड केली. पाऊस होता. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यभर ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली होती, तेव्हा आमच्याही गावात रोपे लागली. छायाचित्रे उत्तम निघाली आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची जबाबदारी कोणाची, हे कोठेच लिहिलेले नव्हते. त्यांतली ११ झाडे आज उभी आहेत, सगळी शाळेच्या हापशीच्या उतारावर, जिथे सांडलेले पाणी आपोआप पोहोचते. म्हणून या वेळी रोप लावणाऱ्या घराचे नाव नोंदवहीत लिहून घेतले आणि रोपे पाच फुटांपेक्षा उंच निवडली.

२४ ऑगस्ट २०२५

२२ तारखेला पोळा आणि काल तान्हा पोळा झाला. तोरण नेहमीच्या जागी, म्हणजे पूर्वेच्या वाटेवर बांधता आले. मधला भाग मोकळा ठेवल्याचा फायदा दिसला. लाकडी बैल घेऊन आलेली लहान मुले दोन ओळींत उभी राहिली आणि आईवडील प्रथमच फेऱ्याच्या मुरमावर, चिखलाबाहेर उभे होते.

नुकसान असे : गर्दीत दोन कडुनिंब मोडले, एक चिंच शेळ्यांनी खाल्ली. करंजाला जनावरांनी तोंड लावलेले नाही, वीसही जागच्या जागी आहेत. बांबूच्या कठड्यांसाठी गावातल्या बुरड कुटुंबाला काम दिले. लोखंडी जाळीपेक्षा ते स्वस्त पडले आणि पैसा गावात राहिला.

१९ सप्टेंबर २०२५

तलावाच्या बाजूच्या सखल कोपऱ्यात पंधरा दिवस पाणी साचून दोन चिंचा कुजल्या. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि या कोपऱ्यात पाणी थांबते, हे गायकीला ठाऊक होते. त्याला विचारले नव्हते. तिथे आता कहू लावले. खाल्लेल्या चिंचेच्या जागी करंज लावला. मोडलेल्या कडुनिंबांच्या जागा यंदा रिकाम्या ठेवल्या आहेत, म्हणजे आता ५६ झाडे आहेत.

२ ऑक्टोबर २०२५

२०२६-२७ च्या आराखड्यात काय घालायचे यावर ग्रामसभेत चर्चा झाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेली आहे, उरलेली ४० टक्के अबंधित. आतापर्यंत सगळ्यांचे लक्ष त्या ४० टक्क्यांवर होते आणि तिथे रस्ता, गटार, सौरदिवे अशी रांग आधीच लागलेली आहे. अंगणवाडीच्या शिक्षिकेने वेगळा मुद्दा काढला. सार्वजनिक नळाच्या ओट्याचे सांडपाणी रस्त्यावर येते. ते गाळून, पाइपने उत्तरेकडच्या झाडांच्या रांगेत सोडले, तर ते सांडपाणी व्यवस्थापनाचे काम होते आणि बंधित निधीतून करता येते. झाडांना पाणी मिळते आणि रस्त्यावरचा चिखलही जातो. पुढच्या आयोगाच्या निधीचे नियम पाहून ही बाब कोणत्या शीर्षात बसते ते ठरेल, पण आराखड्यात ती पहिल्या क्रमांकावर घेतली. दोन दिव्यांची बाब अबंधित निधीत घेतली.

२९ ऑक्टोबर २०२५

मंडई पार पडली. दुकाने दक्षिणेला आणि मंडप मधोमध होता. मंडपवाल्याने खांबांसाठी खड्डे खणले आणि काम झाल्यावर ते बुजवूनही दिले. पेव्हर ब्लॉक असते तर हेच खड्डे वादाचा विषय झाले असते. रात्रभर नाटक चालले. फेऱ्याचा मुरूम दोन ठिकाणी उखडला आहे.

१४ डिसेंबर २०२५

पुंजण्यांचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर फेऱ्यावरून आत आणल्यामुळे धावणारी मुले नाराज झाली. दोन्ही बाजूंना बसवून असे ठरले की, १५ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर या काळात फेऱ्याची पश्चिमेकडची बाजू चुरणीसाठी, म्हणजे मळणीसाठी, राहील, आणि यंत्र आणणाऱ्याने शेवटी एक ट्रॉली मुरूम टाकून द्यावा. यंदा हे उशिरा ठरल्यामुळे मुरूम फक्त दोघांनीच टाकला.

झुडपीच्या तुकड्यावर वन विभागाचा सीमांकनाचा खांब अजून बसलेला नाही. बाटल्या मात्र कमी झाल्या आहेत, कारण मुले तिथून धावत जातात.

१ फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंतचे पाणीवाटप आज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले. ५६ झाडे, प्रत्येकी १५ लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला १,६८० लिटर. नोंदवहीतल्या तीन घरांनी मार्चमध्ये कामासाठी बाहेरगावी जाणार असल्याचे आधीच सांगितले. त्यांची पाच झाडे भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी मागून घेतली. बादल्या त्या चिंचेच्या खोडाशी ठेवणार आहेत, म्हणून खोडाला दोन खुंट्या ठोकायच्या ऐवजी शेजारी बांबूची घडवंची करून द्यायची आहे.